मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, मग तास किती? विमानप्रवासाचं गणित, सोलापुरातून निघणाऱ्यांसाठी

मोबाईलवर ‘मुंबई ते न्यूयॉर्क अंतर’ शोधलं की १२,५०० किलोमीटरच्या आसपासचा आकडा येतो. मोठं विमान ताशी साधारण ९०० किलोमीटरने उडतं. भागाकार केला की चौदा तास निघतात. तिकिटावर मात्र जायला पंधरा-सोळा तास लिहिलेले असतात, यायला त्याहून कमी. आणि सुटायची वेळ पोहोचायच्या वेळेतून वजा केली तर कधी पाचच तास उरतात, कधी पंचवीस!

सोलापुरातल्या कितीतरी घरांतली मुलं आज न्यू जर्सी, टेक्सास, लंडन नाहीतर दुबईला आहेत. त्यांचे आईवडील आयुष्यात पहिल्यांदा विमानात चढतात ते थेट अशा लांबच्या प्रवासाला. त्यांच्या हातात तिकीट दिलं जातं, सामानाचं वजन समजावलं जातं, पण या आकड्यांचा अर्थ सहसा कुणी सांगत बसत नाही. खरं तर यात अवघड काही नाही. अंतर आणि वेळ हे दोन वेगळे हिशेब आहेत, एवढं धरून चाललं की बाकीचं आपोआप सुटत जातं.

आधी अंतर बघू. सोलापूर ते मुंबई किती, असं विचारलं तर तीन उत्तरं बरोबर असतात. रेल्वेने ४५५ किलोमीटर, कारण रूळ कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत बोरघाट उतरून जातात. रस्त्याने ४०० च्या आसपास. आणि विमानतळ ते विमानतळ सरळ रेघ मारली तर जेमतेम ३६०. इंटरनेटवर ‘विमानाचं अंतर’ म्हणून जो आकडा मिळतो तो या तिसऱ्या प्रकारचा असतो. मध्ये कुठला देश, डोंगर, वादळ काही नाही असं गृहीत धरून दोन बिंदूंमधली सगळ्यात जवळची वाट मोजलेली असते. प्रत्यक्ष विमान जवळपास कधीच नेमकं तेवढं अंतर कापत नाही. कमी तर शक्यच नाही, थोडंफार जास्तच.

आता ही ‘सरळ रेघ’ गोल पृथ्वीवर कशी काढायची? गोंधळ नेमका इथेच होतो. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा अमेरिकेला निघाला होता आणि त्या फोनवर त्याचं विमान बघत बसल्या होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, “हे काय ओ, अमेरिका तर नकाशात सरळ डाव्या हाताला आहे. आणि हे विमान युरोपवरनं वर वर कशाला चढायलंय? वाट चुकलंय का काय?” प्रश्न अगदी रास्त होता. भिंतीवरचा नकाशा बघितला तर मुंबईहून डावीकडे रेघ मारली की सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया, मोरोक्को, मग अटलांटिक महासागर आणि पलीकडे न्यूयॉर्क. इतकी सोपी वाट सोडून विमान उत्तरेला का जातं?

उत्तर बघायला शाळेतला पृथ्वीगोल आणि हातभर सूत पुरतं. आणि सोलापुरात सुताला काही तोटा नाही. गोलावर मुंबईवर सुताचं एक टोक अंगठ्याने दाबून धरायचं, दुसरं न्यूयॉर्कवर न्यायचं आणि सूत ताणायचं. सैल असताना ते अरबस्तान-सहारावरून जाईल असं वाटतं, पण ताण द्याल तसं ते स्वतःहून वर सरकायला लागतं. पूर्ण ताठ झालं की कुठून जातं बघा. पाकिस्तानातला सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोच्या जवळून फिनलंड, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाखालून कॅनडा आणि मग वरून खाली न्यूयॉर्क. गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर या वाटेला साडेएकोणतीस सेंटिमीटर सूत लागतं. तेच सूत नकाशावरच्या ‘सरळ’ वाटेने, म्हणजे सहारावरून चिकटवत नेलं तर साडेतेहतीस सेंटिमीटर लागतं. ते चार सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले सोळाशे-सतराशे किलोमीटर, विमानाचे जवळपास दोन तास. काकूंनी सूत दोनदा ताणून बघितलं आणि मगच त्यांचा विश्वास बसला.

भूगोलाच्या पुस्तकात या ताठ सुताच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारं वर्तुळ म्हणजे बृहद्वृत्त. विषुववृत्त हे त्यातलं एक, पण अशी वर्तुळं कुठल्याही दोन ठिकाणांमधून काढता येतात आणि त्यावरचा तुकडा हीच त्या दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट. भिंतीवरचा जो नकाशा आपल्या डोळ्यांत बसलेला आहे, त्याची पद्धत मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये काढली. समुद्रात जहाजाला एकच दिशा धरून जाता यावं म्हणून तो नकाशा केलेला होता आणि त्या कामाला तो उत्तमच आहे. पण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग भलताच ताणला जातो. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो, प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदा पट आहे. ज्या नकाशात इतका फरक पडतो, त्यावर पट्टी ठेवून विमानाची वाट काढता येत नाही.

हाच धागा बंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्कोवर ताणला तर तो थेट उत्तर ध्रुवाजवळ जातो. सुमारे १४,००० किलोमीटरची ही वाट. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणलं ते ध्रुवावरूनच. तिथे होकायंत्राचा भरवसा धरता येत नाही. बाहेरची थंडी इतकी की टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवावं लागतं, कारण लांबच्या विमानांत सहसा जे इंधन भरतात ते उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागतं. मला तरी त्या प्रवासाची बातमी वाचताना अंतरापेक्षा या तयारीचंच जास्त अप्रूप वाटलं होतं.

पण ताठ सुताची वाट मोकळी असेलच असं नाही. वरची यादी पुन्हा वाचा. तिसाव्या सेंटिमीटरपर्यंत सूत किती देशांवरून जातं! प्रत्येक देशाची हवाई हद्द असते, तिथून जायला परवानगी लागते, शुल्क भरावं लागतं आणि देश ती हद्द बंदही करू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांसाठी आपली हद्द बंद केली. २०१९ मध्येही काही महिने असंच झालं होतं. त्याचा फटका मुंबईपेक्षा दिल्लीला जास्त बसतो, कारण मुंबईच्या विमानाला समोर अरबी समुद्र मोकळा असतो. दिल्लीच्या विमानाला मात्र आधी खाली गुजरातकडे यावं लागतं, मग पश्चिमेला वळता येतं. त्या वळशामुळे अमेरिकेहून येणाजाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरण्याची वेळ आली. युक्रेन युद्धानंतर, २०२२ मध्ये, रशियाची हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली आणि हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. शहरं जागच्या जागी, अंतराचा आकडा तोच, वेळ मात्र साडेतीन तासांनी वाढली. म्हणून मुलगा म्हणाला की ‘मागच्या वर्षी चौदा तासांत गेलो’ तर यंदाही तसंच होईल असं धरू नका.

डोंगरांचीही अडचण असते. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचावरून जातं, मग हिमालयाने काय फरक पडतो, असं वाटेल. पण समजा केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला विमान झपाट्याने तीन किलोमीटर उंचीवर आणावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून खाली येणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण बारा ते पंधरा मिनिटंच पुरतो. तिबेटचं पठारच साडेचार किलोमीटर उंच आहे. खाली उतरायला जागाच नाही. म्हणून नकाशावर जवळची दिसणारी तिबेटवरची वाट विमानं शक्यतो टाळतात.

आता वेळेकडे येऊ. वेळेत सगळ्यात मोठी भूमिका वाऱ्याची आहे आणि हे खूप जणांना माहीतच नसतं. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, जोरदार पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड, आणि खाली पृथ्वी फिरतेय, या तिन्हींच्या मेळातून ते तयार होतात. थंडीत हा तापमानाचा फरक वाढतो, म्हणून वारेही जोरात असतात; ताशी दोनशे किलोमीटरच्या वर सहज जातात. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून सोडून हे वारे मोजले होते. त्याने आपलं काम एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत छापलं, आणि जगाचं बरीच वर्षं त्याकडे लक्षच गेलं नाही.

या वाऱ्याचा हिशेब करून बघा. विमान ताशी ९०० किलोमीटरने जातं म्हणजे भोवतालच्या हवेच्या तुलनेत जातं. हवा स्वतःच पुढे चालली असेल तर जमिनीवरचा वेग वाढतो, समोरून येत असेल तर घटतो. साडेबारा हजार किलोमीटरच्या वाटेवर सरासरी फक्त ६० किलोमीटरचा वारा समोरून धरला तर पंधरा तास लागतात. तोच वारा पाठीशी असेल तर तेरा. म्हणून अमेरिकेला जायला जास्त वेळ आणि यायला कमी. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं होतं, आणि त्याचा जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता.

याहून बोलकं उदाहरण आपल्याच एअर इंडियाचं आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट बाजूने, पूर्वेला पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर चौदाशे किलोमीटरने वाढलं, १५,३०० झालं. पण वारा पाठीशी आला आणि प्रवास साडेचौदा तासांत संपला, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. ‘जवळची वाट’ आणि ‘लवकरची वाट’ एक नसतात, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

इथे एक शंका हमखास येते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान वर गेलं की खालची अमेरिका आपोआप जवळ यायला नको का? नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते. सोलापूरची जमीन या क्षणी ताशी जवळपास १,६०० किलोमीटरने पूर्वेकडे चालली आहे आणि तिच्यावरची हवाही तितक्याच वेगाने. हवा मागे राहत असती तर होटगी रोडवर कुणाला उभंही राहता आलं नसतं. धावपट्टीवर उभं असलेलं विमानही त्याच वेगात सामील असतं, ते उडाल्यावर काही नाहीसा होत नाही.

वेळ आणि अंतर यांचं नातं जवळच्या प्रवासात तर आणखीच सैल असतं. जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याची आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. मुंबईच्या ३६० किलोमीटरला जेट विमानाच्या वेगाने अर्धा तासही लागू नये. वेळापत्रकात मात्र तासाभराचा प्रवास दिसतो. कारण वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून मोजतात आणि मुक्कामी जाऊन थांबेपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंत चालत जाणं, उंची गाठणं, पुन्हा उतरायला लागणं, सगळं त्यात आलं. इतक्या कमी अंतरात पूर्ण वेगाने सरळ उडायला मिळतात ती मोजकी मिनिटं. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमानाला आकाशातच घिरट्या घालत नंबर लागायची वाट बघावी लागते. पंधरा तासांच्या प्रवासात ही वीस-तीस मिनिटं जाणवत नाहीत, तासाभराच्या प्रवासात तीच निम्मी होतात.

आता तिकिटावरचे ते पाच तास. तिकिटावर प्रत्येक शहराची वेळ त्या शहराच्या घड्याळाची असते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरलेली आहे. ते मिर्झापूरजवळून जातं. सोलापूर ७५.९ अंशावर आहे आणि एका अंशाला चार मिनिटं, त्यामुळे घड्याळात बारा वाजल्यानंतर सरासरी सव्वीस मिनिटांनी सूर्य आपल्या डोक्यावर येतो. देशाच्या आतला हा फरक आपण सोडून देतो. न्यूयॉर्कच्या बाबतीत तो सोडता येत नाही. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळ तासाने पुढे करतात, की नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेनऊ तासांचा. लंडन हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मागे.

समजा जानेवारीत विमान मुंबईहून रात्री दीडला सुटतं आणि न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी साडेसहाला पोहोचतं. वजाबाकी पाच तास. त्यात साडेदहा मिळवा, साडेपंधरा झाले. हा खरा प्रवास. परतताना सकाळी साडेअकराला निघालेलं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबईत येतं. दिसतात पंचवीस तास. त्यातून साडेदहा वजा करा, राहिले साडेचौदा. पश्चिमेला जाताना मिळवायचे, पूर्वेला येताना वजा करायचे. आईवडिलांना पाठवताना हा हिशेब कागदावर लिहून द्यावा, म्हणजे ‘दुसऱ्या दिवसापर्यंत विमानातच बसायचं?’ ही धास्ती राहत नाही.

थेट विमान महाग वाटलं म्हणून बरेच जण दुबईमार्गे जातात. यात अंतर फार वाढतं असा समज आहे, तो खरा नाही. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,०००. बेरीज तेरा हजारांच्या आत, म्हणजे थेट वाटेपेक्षा चारेकशे किलोमीटर जास्त. वाढतो तो वेळ: एकदा जास्त उतरणं, एकदा जास्त चढणं आणि मधला थांबा. हा थांबा दोन तासांपेक्षा कमी असलेलं तिकीट ज्येष्ठांसाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या विमानाला अर्धा तास उशीर झाला की तेवढ्या मोठ्या विमानतळावर त्यांची धावाधाव होते. उलट थेट विमानात पंधरा तास एका जागी बसायचं असतं. ज्यांचे पाय सुजतात, त्यांना मधला थांबा सोयीचाही पडतो. तब्येत बघून ठरवावं.

आणि मुंबईला पोहोचेपर्यंतचा सोलापूरकरांचा प्रवास कुठल्याच वेबसाइटवरच्या आकड्यात येत नाही. वंदे भारत साडेसहा तासांच्या आसपास घेते, सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्रभर. त्यापुढे दादर किंवा कल्याणहून विमानतळ गाठायचा, तोही मुंबईच्या रहदारीतून. आंतरराष्ट्रीय विमानासाठी किमान तीन तास आधी हजर राहायचं. पलीकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामान, घरापर्यंतचा रस्ता. सगळं धरलं तर घरातून निघाल्यापासून मुलाच्या दारात पोहोचेपर्यंत तीस तास सहज होतात आणि त्यातले जेमतेम निम्मे आकाशात जातात. ३० सेंटिमीटरच्या त्याच गोलावर सोलापूर ते मुंबई हे अंतर एक सेंटिमीटरही भरत नाही! म्हणूनच तिकीट काढताना हैदराबादही बघावं. रस्त्याने ते मुंबईपेक्षा जवळ आहे, तीनशे किलोमीटरच्या आसपास, घाट नाही, आणि तिथून आखाती देशांना, लंडनला थेट विमानं आहेत.

एक गोष्ट मात्र तिकीट हातात आल्याबरोबर तपासा. अमेरिका-युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि रात्री दीडची वेळ असेल, तर १४ तारखेच्या रात्री दहापर्यंत विमानतळावर पोहोचायचं आहे, म्हणजे सोलापूरहून १४ तारखेलाच सकाळी निघायचं आहे. १५ च्या सकाळची रेल्वे काढली तर ती मुंबईत पोहोचेपर्यंत विमान न्यूयॉर्कच्या वाटेवर अर्ध्याहून पुढे गेलेलं असेल. परतीचंही तसंच: न्यूयॉर्कहून निघण्याची तारीख आणि मुंबईत उतरण्याची तारीख यांत निदान एका दिवसाचा फरक असतो, आणि सोलापूरच्या गाडीचं आरक्षण उतरण्याच्या तारखेचं करायचं असतं. त्यातही विमान उतरल्यापासून गाडी सुटेपर्यंत निदान पाच-सहा तास ठेवा.